बापू गोखले वाचले असते तर

पंढरपूरजवळच्या आष्टी गावाशेजारी २० फेब्रुवारी १८१८ रोजी झालेली लढाई फार वेळ चालली नाही. जनरल स्मिथच्या फौजेने पेशव्यांचा तळ गाठला तेव्हा बाजीराव निसटले आणि त्यांना निसटता यावे म्हणून मागे राहिलेले बापू गोखले घोडदळ घेऊन इंग्रजांवर तुटून पडले. स्मिथच्या डोक्याला जखम झाली. बापू मारले गेले. त्याच दिवशी पेशव्यांच्या ताब्यातले छत्रपती प्रतापसिंह आपल्या मातोश्रींसह इंग्रजांकडे आले. पुढे जूनपर्यंत बाजीराव रानोमाळ पळत राहिले, तरी युद्ध खऱ्या अर्थाने संपले ते इथेच. शेवटचा सेनापती तहाच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही, म्हणून त्याच्याबद्दल ‘वाचला असता तर’ हा प्रश्न उरतो. असे प्रश्न सगळीकडेच विचारले जातात. जर्मनीत मोटार-अपघातात जखमी होऊन डिसेंबर १९४५ मध्ये वारलेला अमेरिकेचा जनरल पॅटन शांततेच्या काळात काय करता, यावर तिकडे अजून तर्क लढवले जातात. पॅटनविषयी कल्पनेलाच राबवावे लागते. बापूंच्या बाबतीत मात्र तेवढी गरज नाही, असे माझे म्हणणे आहे. त्यांच्या बरोबरीने घोडा फेकलेली माणसे त्या युद्धातून जिवंत राहिली, त्यांनी इंग्रजांशी तह केले आणि पुढची तीस-तीस वर्षे राज्य केले. त्यांचे काय झाले ते कागदावर आहे, आणि कृष्णाकाठच्या गावांच्या रचनेतही आहे. सांगलीहून तासगावच्या रस्त्याला माधवनगर लागते. त्या एका पेठेच्या आसपासच्या चार-पाच कोसांत या प्रश्नाची एक सोडून तीन उत्तरे सापडतात.

आधी बापू कोण होते हे नीट पाहायला हवे, कारण आष्टीच्या मरणाने त्यांच्या आधीच्या आयुष्यावर पडदा टाकला आहे. चुलते धोंडोपंत गोखले कर्नाटकात पेशव्यांचा कारभार पाहत आणि बापू त्यांच्या हाताखाली तयार झाले. १८०० च्या जूनमध्ये कित्तूरच्या रानाजवळ बंडखोर धोंड्या वाघाने धोंडोपंतांना गाठून ठार केले. त्याच झटापटीत पटवर्धनांचे तरुण सरदार चिंतामणराव जखमी झाले. पुढे धोंड्या वाघाचा पाठलाग करून सप्टेंबरात त्याचा निकाल लावणारा इंग्रज सेनानी होता आर्थर वेलस्ली, आणि मराठ्यांच्या बाजूने त्या मोहिमेत बापू होते. १८०३ मध्ये पेशव्यांना गादीवर परत बसवण्यासाठी वेलस्ली पुण्याकडे निघाला तेव्हाही बापू आणि पटवर्धन त्याच्याबरोबर होते. म्हणजे १८१७ च्या ५ नोव्हेंबरला खडकीच्या माळावर ज्या फौजेवर बापूंनी हल्ला चढवला तिची कवायत, तिचा तोफखाना, तिची रसद हे सारे त्यांनी आतून पाहिलेले होते. इंग्रजांशी वैर हा त्यांच्या आयुष्याचा सूर नव्हता. तो शेवटच्या वर्षाचा प्रसंग होता.

साताऱ्याच्या मुलुखात तर बापूंची जुनी ओळख वेगळीच होती. १८०६ च्या सुमारास परशुराम श्रीनिवास प्रतिनिधींनी पेशव्यांविरुद्ध उचल खाल्ली. ती मोडायला बापू गेले, वसंतगडाजवळच्या लढाईत प्रतिनिधींचा हात गेला आणि ते कैद झाले. त्यांच्या बाजूने ताई तेलिणीने वासोटा किल्ला कित्येक महिने लढवला. तोही अखेर बापूंनीच घेतला. त्या मोबदल्यात प्रतिनिधींच्या मुलुखाची वसुली पुढची काही वर्षे बापूंकडे राहिली. ही हकीगत बापूंना कमी लेखण्यासाठी सांगितलेली नाही. ते कोणत्या घडणीचे पुरुष होते हे त्यातून कळते. हुकूम सरकारचा, पागा आपली, खर्च मुलुखाच्या वसुलीतून, ही त्या काळच्या सरदाराची रीत. बंडखोरी त्यांच्या वाटेला आली ती मोडण्यासाठी. ‘वाचले असते तर त्यांनी डोंगरात जाऊन इंग्रजांशी लढा चालू ठेवला असता’ असे सहज म्हटले जाते. त्या वाक्यात बापूंपेक्षा ताई तेलीणच जास्त बसते.

आता तारखा पाहू. साताऱ्याचा किल्ला १० फेब्रुवारी १८१८ ला पडला. दुसऱ्याच दिवशी इंग्रजांच्या वतीने एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. पेशव्यांची सत्ता संपली, छत्रपतींसाठी मुलुख राखून ठेवला जाईल, वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने यांना धक्का लागणार नाही, मात्र बाजीरावांच्या निशाणाखालच्या वतनदारांनी दोन महिन्यांच्या आत घरी परतावे, नाहीतर वतन गेले असे समजावे. बापू पडले ते या जाहीरनाम्यानंतर नवव्या दिवशी. म्हणजे मुदत संपायला पन्नासच्या आसपास दिवस बाकी होते. शांततेच्या अटी आधीच लिहून झाल्या होत्या. कोण त्यांच्या आत येतो आणि कोण बाहेर राहतो, एवढेच ठरायचे होते. पटवर्धनांची मने पेशव्यांपासून फार आधी तुटली होती. बाजीरावांना त्या घराण्याची वाढ खुपत होती आणि १८१२ मध्ये पंढरपुरास एल्फिन्स्टननेच मध्ये पडून पेशवे व दक्षिणेकडचे जहागीरदार यांच्यात तडजोड घडवली होती. त्यामुळे १८१८ मध्ये त्यांनी पेशव्यांची साथ सोडली यात आश्चर्य नाही. आश्चर्य त्यानंतरच्या गोष्टीत आहे.

इंग्रजांनी पटवर्धनांपुढे १८१९ मध्ये ठेवलेल्या अटींचा सारांश असा: पेशव्यांकडे जेवढे स्वार देत होता त्याच्या चौथ्या हिश्शाने आमची चाकरी करा, किंवा दर स्वारामागे वर्षाला ३०० रुपये भरा, किंवा तेवढ्या उत्पन्नाचा मुलुख तोडून द्या. घराण्यातल्या इतर शाखांनी स्वार देणे पत्करले. सांगलीच्या चिंतामणरावांनी कंपनीच्या चाकरीत घोडा पाठवायला नकार दिला आणि १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलुख सोडून दिला. हिशेब केला तर हा बरोबर ४५० स्वारांचा खर्च होतो. कित्तूरच्या रानात जखमा अंगावर घेतलेल्या सरदाराने आपले साडेचारशे घोडे विकत घेऊन मोकळे केले, असेच म्हणायला हवे. मानी माणसाने मान राखला. पण मान राखण्याची किंमत म्हणून फौज गेली. मला हा सारा व्यवहार १८१८ नंतरच्या मराठी इतिहासाची गुरुकिल्ली वाटतो. इंग्रजांनी सरदाराची तलवार हिसकावली नाही. तलवारीला लागणारा दाणा-वैरणीचा मुलुख कापला, आणि बाकीचा मुलुख त्याच्याकडे राहू दिला.

बाकीच्या मुलुखाचे चिंतामणरावांनी काय केले ते सांगलीकराला सांगायला नको. मिरजेच्या वाटणीच्या भांडणातून १८०१ च्या सुमारास ते सांगलीला आले, गणेशदुर्ग बांधला, गणपतीचे देऊळ उभारायला घेतले. शांततेच्या काळात त्या किल्ल्याभोवती पेठा वाढल्या, व्यापारी आले, आणि पुढे हळदीच्या बाजाराने देशभर नाव काढलेले शहर तयार झाले. त्यांच्याच आश्रयाने आणि सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हा नाटकाचा खेळ राजवाड्यात केला. तारीख होती ५ नोव्हेंबर १८४३. खडकीच्या लढाईला त्याच दिवशी २६ वर्षे पुरी झाली होती. हा योगायोगच, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण एकाच पिढीतले लोक दोन्ही तारखांना हजर होते हे विसरू नये. त्याच चिंतामणरावांना उतारवयात कंपनीने आदराची खूण म्हणून तलवार भेट दिली. चाकरी नाकारणाऱ्याला तलवार! १८५१ च्या जानेवारीत बिठूरला बाजीराव वारले आणि जुलैमध्ये सांगलीला चिंतामणराव. बापूंच्या पिढीचा एक सेनानी शांततेत कसा म्हातारा होतो, याचे हे सर्वांत भरघोस उदाहरण आहे.

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप असा की बापू म्हणजे चिंतामणराव नव्हेत. तो खरा आहे. पटवर्धनांचा सरंजाम थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळापासूनचा, हैदराच्या मोहिमांतून कमावलेला, तीन पिढ्यांच्या नांगराखाली मुरलेला. बापूंचे वैभव बाजीरावांच्या मर्जीवर उभे होते. एल्फिन्स्टनच्या व्यवस्थेत सनद किती जुनी आणि कोणी दिलेली, याला फार महत्त्व होते. छत्रपतींच्या सनदेचे वजन एक आणि शेवटच्या पेशव्याच्या सनदेचे दुसरे. शिवाय बापू हे युद्धाचे सरसेनापती होते. तयारीसाठी बाजीरावांनी त्यांच्या हवाली भली मोठी रक्कम केली होती. इंग्रजांचा राग त्यांच्यावर इतरांहून जास्त असणार. तेव्हा सांगलीसारखे संस्थान बापूंच्या वाट्याला आले असते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण म्हणून त्यांची गत बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यासारखी झाली असती असेही निघत नाही. त्रिंबकजींना चुनारच्या किल्ल्यात आयुष्य काढावे लागले (१८२४ मध्ये बिशप हेबर त्यांना तिथे भेटला), ते १८१५ च्या गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनामुळे. हे शास्त्री बडोद्याचे वकील, सांगली-मिरजेच्या घराण्यातले नव्हेत. बापूंवर असा आळ नव्हता. त्यांच्या सगळ्यांत जवळचे उदाहरण विंचूरकर आणि पुरंदरे यांचे. ही मंडळी शेवटपर्यंत पेशव्यांबरोबर राहिली. जूनमध्ये इंग्रज सेनानी माल्कमने बाजीरावांशी शरणागतीचे ठरवताना, निष्ठेपायी बुडालेल्या जुन्या सरदारांचा विचार केला जाईल अशी अट घातली आणि ती बरीचशी पाळलीही. लढून हरलेल्या निष्ठावंताला जगवणे इंग्रजांना परवडत होते, किंबहुना हवेच होते, कारण त्यामुळे बाकीचे निवांत राहत. म्हणून माझा अंदाज असा की आष्टीतून वाचलेले बापू दख्खनच्या सरदारांच्या यादीत वरच्या वर्गात बसले असते, हयातीपुरता सरंजाम किंवा नेमणूक मिळाली असती, आणि सरदारांच्या एजंटाकडे वर्षातून काही वेळा अर्ज गेले असते. सांगलीचा राजा आणि चुनारचा कैदी यांच्या मधली ही जागा.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे, तरी उत्तराला पात्र आहे. १८२४ मध्ये कित्तूरला चन्नम्मा राणीने दत्तकाच्या प्रश्नावरून इंग्रजांशी लढाई दिली, कलेक्टर थॅकरे मारला गेला. दोन वर्षांत पुरंदरच्या डोंगरात उमाजी नाइकांनी उठाव केला आणि १८३२ मध्ये ते पुण्यात फासावर गेले. या उठावांना बापूंसारखा कसलेला सेनापती मिळाला असता तर? कित्तूर हा तर बापूंच्या जुन्या कारभाराचाच टापू. पण सेनापती एकटा लढत नाही. पेशवाईची घोडदळे ज्या व्यवस्थेवर चालत ती अशी: बारगिराला घोडा सरकारचा वा सरदाराचा, शिलेदाराला स्वतःचा, आणि दोघांचाही पगार मुलुखाच्या वसुलीतून किंवा सावकाराच्या उसनवारीतून. वसुली कलेक्टरकडे गेली की सावकार हात आखडतो. सावकार हटला की शिलेदार घोडा विकतो. हे १८१८ च्या उन्हाळ्यातच घडले होते. त्या वेळी इंग्रज अधिकारी थॉमस मन्रोने कर्नाटकाच्या बाजूने वर येताना पुरेशी नियमित फौज नसताना गावोगावच्या शिबंदीवर एकेक ठाणे घेतले, आणि ज्याच्या हाती वसुली त्याचा मुलुख हे दाखवून दिले. उमाजींचा उठाव सहा वर्षे टिकला तो घोडदळाशिवाय, रामोश्यांच्या पायवाटांवर आणि गावकीच्या आसऱ्यावर. बापूंकडे ती विद्या नव्हती. अशा उठावात बापू आणून बसवणे म्हणजे उमाजींचेच श्रेय कमी करणे.

एक शक्यता मात्र मला खरोखर मोकळी वाटते, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आष्टीच्या माळावर एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या: बापू पडले आणि प्रतापसिंह सुटले. एप्रिलमध्ये प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले गेले, १८१९ च्या २५ सप्टेंबरला तह झाला आणि कारभार इंग्रज अधिकारी ग्रँट डफच्या देखरेखीखाली सुरू झाला. १८२२ मध्ये राज्य प्रत्यक्ष प्रतापसिंहांच्या हाती आले. त्या दरबारात पेशवाईतला, पण पेशव्यांच्या पडझडीला जबाबदार न ठरलेला, इंग्रजांच्या छावणीची भाषा जाणणारा एक अनुभवी सरदार असता तर काय झाले असते? तहाने बाहेरच्या सत्तांशी पत्रव्यवहार करायला मनाई केली होती, आणि हेच कलम पुढे महाराजांच्या गळ्याभोवती आवळले गेले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान केल्याच्या आरोपावरून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे दाद मागत राहिले, उपयोग झाला नाही. बापूंना महाराजांनी जवळ केले असते का, हा प्रश्न उरतोच, कारण छत्रपतींना नजरकैदेत ठेवणाऱ्या राजवटीचे ते सेनापती होते. आणि जवळ केले असते तर रेसिडेंटच्या संशयाला आणखी एक निमित्त मिळाले असते. तरीही ही शक्यता विंचूरकरी जिण्यापेक्षा वेगळी आहे. इथे त्यांचा सल्ला ऐकला गेला असता, आणि कदाचित १८३९ मध्ये इंग्रजांना दोन आरोपी मिळाले असते.

ज्या माणसाबरोबर बापूंनी धोंड्या वाघाचा पाठलाग केला तो वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८२८ मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान. ही तुलना मोहक आहे, पण तिचा उपयोग मर्यादित. जिंकलेल्या देशात सेनापतीच्या कीर्तीचे राजकारणात रूपांतर होण्यासाठी पार्लमेंट होते, वृत्तपत्रे होती. हरलेल्या दख्खनमध्ये तसे काही नव्हते. सेनापतीच्या कीर्तीचे रूपांतर इथे होऊ शकत होते ते जमिनीत, देवळात, बाजारात. म्हणूनच मी या वादात माधवनगरचा दाखला महत्त्वाचा मानतो. मिरजेच्या १८२० मधल्या वाटणीतून निघालेल्या धाकट्या पातीने पुढे बुधगावला बस्तान बसवले. त्या संस्थानच्या माधवराव पटवर्धनांच्या कारकिर्दीत आणि त्यांच्याच नावाने, पुणे-मिरज लोहमार्गालगत ही पेठ वसली. वारांच्या नावांच्या पेठा आखल्या, व्यापारी बोलावले, पुढे कापडगिरणी आली, मागांची खडखड आली. ज्या घराण्याने हैदर आणि टिपूवर घोडी नेली त्याच्या वंशजाची शंभर वर्षांनंतरची कामगिरी म्हणजे बाजारपेठ आणि रेल्वे फाटक. यात घसरण पाहायची की शहाणपण, हे वाचणाऱ्याच्या पिंडावर आहे. मी शहाणपण पाहतो. पण हे शहाणपण सुचायला घराणे आधी १८१८ मधून जिवंत बाहेर पडावे लागते, एवढे त्यात गृहीत आहे. बापूंच्या नावाची अशी पेठ कुठे नाही.

आणि नुसते जिवंत बाहेर पडणेही पुरेसे नव्हते, हे माधवनगरहून तासगावकडे गेले की कळते. तासगाव हे परशुरामभाऊ पटवर्धनांचे. श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत कॉर्नवॉलिसच्या बरोबरीने उभे राहिलेले परशुरामभाऊ १७९९ मध्ये पट्टणकुडीला कोल्हापूरकरांशी लढताना पडले. दक्षिणी गोपुराचे त्यांचे गणेशमंदिर अजून तासगावात उभे आहे. त्यांच्या वंशजांनीही १८१८ नंतर इंग्रजांशी जमवून घेतले, जमखंडीची शाखा टिकली, पण तासगावला औरस वारस उरला नाही आणि १८४८ मध्ये ते खालसा झाले. सांगली आणि तासगाव, एकाच घराण्याची, एकाच तहाच्या छत्राखालची, काही कोसांवरची दोन गावे. एक १९४८ पर्यंत संस्थान राहिले. दुसरे शंभर वर्षे आधीच इंग्रजी मुलुखात गेले. निपाणीकर अप्पासाहेब देसायांचेही तेच झाले. १८३९ मध्ये ते निपुत्रिक वारले, दत्तक नामंजूर झाला. तेव्हा बापू वाचले असते, सरदारांच्या यादीत बसले असते, साताऱ्याच्या दरबारात मानाने वावरले असते असे सगळे धरून चालले तरी गोखल्यांच्या दौलतीचा शेवटचा निकाल बापूंच्या पराक्रमावर ठरला नसता. तो त्यांच्या मरणाच्या वेळी घरात मुलगा होता की दत्तक, एवढ्यावर ठरला असता. १८४८ मध्ये बापू सत्तरीचे झाले असते. त्याच वर्षी तासगाव गेले आणि सातारचे राज्यही.